गलाईला गेलेली पोरं: कष्ट किती, आधार किती?

येरळाकाठ

सांगली जिल्ह्यातलं खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि सातारा जिल्ह्यातलं माण-खटाव या पट्ट्यात गलाईवाला नाही असं गाव शोधावं लागतं. पावसाचा भरवसा नाही, म्हणून इथली पोरं सोनं-चांदी गाळायच्या, म्हणजे गलाईच्या, कामाला देशभर गेली. केरळ, तामिळनाडू, आंध्र, बंगाल, बिहार, दिल्ली, पार नेपाळपर्यंत. सराफ बाजार असलेल्या कुठल्याही शहरात एखाद्या बोळात खानापूर तालुक्यातल्या विट्याकडचं मराठी कानावर पडतं. आज त्यातल्या पुष्कळांची स्वतःची दुकानं आहेत, गावाकडं बंगले आणि द्राक्षबागा आहेत. त्यांच्यावर जे लिहून येतं ते मात्र एकाच साच्याचं: गरिबीत जन्म, अपार कष्ट, जिद्द आणि यश. जन्म आणि यश यांच्यामध्ये नेमकं काय झालं ते कुणी लिहीत नाही. मला त्यावर लिहायचं आहे, कारण मी ते घरात बघितलं.

१९७२ च्या दुष्काळात आमचे आण्णा बारा-तेरा वर्षांचे होते. आजी-आजोबा दोघंही दुष्काळी कामावर, खडी फोडायला आणि तलावाच्या भरावावर. घरात मिलोची भाकरी आणि सुकडी. ज्या रोजगार हमी योजनेचं नाव पुढं देशभर झालं तिची कल्पना मांडणारे वि. स. पागे आमच्या शेजारच्या तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, हे आमच्या घरी अजून अभिमानानं सांगतात. पण भराव पूर्ण झाला की मजुरी थांबायची. सातवी झाल्यावर भावकीतल्या एका चुलत्यांनी आण्णांना केरळात नेलं. त्यांचं तिथं गलाईचं दुकान होतं.

दुकान म्हणजे एक खोली. पुढं भट्टी, मागं पथाऱ्या. सुरुवातीला बराच काळ आण्णांना सोन्याला हात लावू दिला नाही. पहाटे राख काढायची, कोळसा फोडायचा, पाणी भरायचं, सगळ्यांचा स्वयंपाक करायचा. मग भाता ओढायला बसवलं. मग मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, चिमट्यात धरायला. पगार नव्हता. जेवण, कपडे, दिवाळीला काही रक्कम, आणि गावी आजोबांच्या नावानं मनिऑर्डर.

हे काम म्हणजे सोनं वितळवलं की झालं, असं बाहेरच्यांना वाटतं. सराफाकडं गिऱ्हाइकानं मोडीत घातलेले दागिने येतात. त्यात तांबं, चांदी, डाग (झाळ) लावलेले सांधे, सगळं मिसळलेलं. ते वितळवून आधी टंच काढायचा, म्हणजे त्यात चोख सोनं किती ते ठरवायचं. मग शुद्ध करायचं. त्यासाठी सोन्यात त्याच्या जवळजवळ तिप्पट चांदी घालून ते पुन्हा वितळवतात, कारण चांदी कमी पडली तर तेजाब (नायट्रिक आम्ल) आतपर्यंत पोचत नाही. तो रस पाण्यात ओतून दाणे करायचे आणि ते तेजाबात उकळायचे. चांदी-तांबं विरघळून जातं, तळाला विटकरी भुकटी राहते. बघणाऱ्याला ती मातीच वाटेल. धुऊन, वाळवून, सवागी (टाकणखार) घालून ती मुशीत टाकली की मग सोन्याचा रंग येतो. सोनं वितळायला १०६४ अंश सेल्सिअस लागतात आणि त्या काळी ते कोळसा आणि भात्यावर गाठायचं होतं. तेजाबात गेलेली चांदी तांब्याचे पत्रे टाकून परत मिळवायची. तिचाही हिशेब द्यायचा असतो.

या प्रत्येक पायरीला वजनात घट येते. किती यायला हवी हे सराफालाही ठाऊक असतं आणि गलाईवाल्यालाही. तोळ्याच्या ९६ गुंजा. आण्णा शिकले तेव्हा ग्रॅम आले होते, तरी म्हातारे कारागीर गुंजांतच बोलायचे. एक गुंज जादा घट आली तर सराफ तोंडानं काही म्हणत नाही, दुसऱ्या दिवशी त्याचा माल दुसऱ्या दुकानात जातो. म्हणून या धंद्यातले निम्मे कष्ट झाडण्याचे आहेत. फरशीची धूळ, भट्टीची राख, फुटक्या मुशी, हात पुसलेली फडकी हे सगळं वर्षभर पोत्यात भरून ठेवायचं आणि वर्षाखेरीला जाळून, कुटून, धुऊन त्यातलं सोनं-चांदी काढायचं. आण्णांनी हे इतकी वर्षं केलं की आजही घरात ते चपला झटकल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत.

काही वर्षांनी चुलत्यांनी त्यांना त्या राखेतून निघालेल्या मालात वाटा द्यायला सुरुवात केली. तो दुकानातच जमा राहायचा. वेगळं दुकान काढताना आण्णांचं स्वतःचं भांडवल एवढंच. बाकी सगळं पत आणि शब्द यांवर. चुलत्यांनी बाजारातल्या दोन सराफांना सांगितलं, "पोरगं माझं हाय. काय कमीजास्त झालं तर मी बसलोय." बँक नव्हती, तारण नव्हतं. त्या शब्दावर सराफ सकाळी सोनं टाकून जायचे आणि संध्याकाळी न्यायचे. तेव्हा १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा होता. शुद्ध सोन्याची लगड जवळ सापडली आणि कागद नसला की माल गेला. १९९० ला तो कायदा रद्द झाला आणि आण्णांच्या पिढीचा धंदा त्यानंतर खरा वाढला. हेही यशोगाथांत कधी येत नाही, की दहा वर्षं आधी तेवढेच कष्ट करणाऱ्याला तेवढं फळ मिळालं नव्हतं.

आण्णांना कुणी "कष्टानं वर आलात" म्हटलं की ते म्हणतात, "कष्ट तर आमचा बा बी करत हुता खडीवर. माझ्यापरीस जास्त. मला कुणीतरी भट्टीपाशी बसवलं."

मला हेच पटतं, आणि म्हणून हा धागा. तुमच्या भागात, तुमच्या घरात जे वर आले, त्यांना पहिली जागा कुणी दिली? काम शिकवलं कुणी, आणि शब्द कुणी टाकला? कृपया ऐकीव नको, जवळून पाहिलेलं लिहा.

---

कोयनाकाठचा

येरळाकाठताई, धागा काढलात ते बरं केलंत.

आमच्या पाटणकडं गलाई नव्हती, मुंबई होती. आजोबा मशीद बंदरला पाठीवर गोणी वाहायचे. झोपायला गावकीची खोली, तीसुद्धा पाळीनं, आणि जेवायला खानावळ. टोळीवाला देईल ती मजुरी. आजोबांनी त्यात कितीही राबावं, गावी पाठवायला उरायचं ते तेवढंच.

आमच्या घरात बदल झाला तो १९६९ च्या माथाडी कायद्यानं. त्यासाठी लढलेले अण्णासाहेब पाटील आमच्या पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. कायद्यानं मंडळ आलं, मजुरी मंडळातून मिळायला लागली, फंड कापला जाऊ लागला, आजारपणाला दवाखाना मिळाला. आजोबांच्या पाठीवरचं ओझं एक किलोनंही कमी झालं नाही. पण दर महिन्याला किती येणार ते ठरलं. ज्या घराला महिन्याची रक्कम आधी कळते ते घर पोराला पुढच्या वर्षी शाळेत ठेवायचं का, याचा विचार तरी करू शकतं. ज्याला रोजचंच कळत नाही त्यानं कसला विचार करायचा?

वडील त्या रकमेवर शिकले. धाकट्या चुलत्यांनी घाऊक बाजार वाशीला गेल्यावर कांदा-बटाट्यात स्वतःचं काम सुरू केलं आणि आज ते बऱ्यापैकी मोठे व्यापारी आहेत. त्यांच्या सत्काराच्या भाषणात माथाडी कायद्याचं नाव कुणी घेत नाही, म्हणून मी इथं घेतलं.

---

बेदाणा

वाचताना अंगावर काटा आला. मी तासगावचा.

आमच्या तालुक्यातलं अशोक खाडे यांचं उदाहरण इथं यायलाच हवं. गाव पेड. वडील मुंबईत चपला-बूट दुरुस्त करायचे. खाडे माझगाव डॉकमध्ये उमेदवारीवर, म्हणजे शिकाऊ कामगार म्हणून, लागले, जहाजाचे आराखडे काढायला शिकले, नोकरीत असताना कामासाठी जर्मनीला जाऊन आले. मग तिघा भावांनी मिळून समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांची कामं करणारी दास ऑफशोअर काढली. दत्ता, अशोक, सुरेश या नावांची आद्याक्षरं म्हणजे दास. थोरला भाऊ डॉकमध्ये आधी लागलेला होता. म्हणजे तुमच्या आण्णांच्या चुलत्यांची जागा तिथं भावानं आणि उमेदवारीनं घेतली.

उमेदवारी हा शब्द मी मुद्दाम वापरतो. सरकारी कारखान्यात पगार घेत, तज्ज्ञांच्या हाताखाली काम शिकणं ही दलित घरातल्या मुलासाठी फार मोठी गोष्ट होती. भावकीच्या दुकानात त्याला कुणी बसवलं असतं का, याचं उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. गलाईचं जाळं ज्यांची भावकी त्यात आहे त्यांच्यासाठी उघडं असतं. धाग्यात हे स्पष्ट लिहिलं गेलं पाहिजे असं वाटतं.

आमच्या द्राक्षातही असंच. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी तास-ए-गणेश वाण निवडून काढलं आणि त्याची काडी गावोगाव गेली. माझ्या वडिलांनी पहिली बाग लावली ती छाटणी शेजाऱ्याकडून शिकून. शेजाऱ्यानं एक पैसा घेतला नाही. पण वडिलांची दीड एकर जमीन होती. ज्याची नव्हती तो आजही छाटणीच्या टोळीत मजूर आहे, आणि त्याचा हात आमच्यापेक्षा चांगला चालतो.

---

विश्रामबाग

धागा प्रामाणिक आहे म्हणून प्रामाणिक प्रश्न विचारतो.

एक. एका मालकामागं किती कारागीर कारागीरच राहिले? दुकान निघालेल्यांची नावं गावाच्या कमानीवर आहेत, बाकीच्यांचं काय?

दोन. तेजाबाचा तांबूस धूर. तो नायट्रोजन डायऑक्साइड असतो. श्वासात गेला की लगेच फारसं काही जाणवत नाही आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं. थोडाथोडा रोज गेला तर वेगळी हानी. बंद बोळातल्या खोलीत, जिथं पोरं झोपतातही, तिथं हे वर्षानुवर्षं. मी सांगलीत एका छातीच्या डॉक्टरांकडं काम करायचो, तेव्हा गलाईवरून परत आलेली, चाळिशीही न ओलांडलेली माणसं जिना चढताना थांबलेली बघितली आहेत.

तीन. सातवीतून शाळा सोडलेलं पोर बिनपगारी राबतं त्याला आपण "शिकवलं" म्हणतो. बालमजुरीचा कायदा १९८६ ला आला. त्यानंतरही पोरं जात राहिली.

चुलत्यांच्या चांगुलपणाबद्दल मला शंका नाही. पण आधार आणि फुकटची मजुरी यांच्यातली रेघ कुठं होती?

---

येरळाकाठ

विश्रामबाग, हे प्रश्न यावेत असंच वाटत होतं. बेदाणा, तुमचा भावकीचा मुद्दा पूर्ण मान्य. आमच्या गावातून गलाईला गेलेल्यांत मागासवर्गीय घरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीही नाहीत.

आण्णांना काल रात्री हे वाचून दाखवलं. त्यांच्यासोबत त्या खोलीत आणखी पाच पोरं होती. एकानं नंतर तामिळनाडूत दुकान काढलं. दोघं शेवटपर्यंत दुसऱ्यांच्या भट्टीवर राहिले. एक परत येऊन एसटीत लागला. पाचवा गेला. छातीनंच गेला, तिशीत. त्याच्या घरी आण्णा दर वर्षी गावच्या यात्रेला आल्यावर जातात. त्या घरातल्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च आमच्या घरानं केला, पण त्यानं बाप परत आला नाही, हे आण्णाच म्हणाले.

रेघेबद्दल. आण्णांचं म्हणणं असं: ज्या मालकानं टंच काढायला शिकवलं तो आधार. ज्यानं दहा वर्षं भाताच ओढायला लावला आणि कसोटीच्या वेळी पोराला बाहेर पाठवलं तो मजुरीच खात होता. टंच हीच या धंद्यातली विद्या आहे. ती हातात आली की माणूस कुठंही उभा राहू शकतो, आणि म्हणूनच कित्येक मालक ती देत नाहीत.

आणखी एक गोष्ट. परमुलखात पोलिसांची भीती कायमची. कुणी चोर पकडला आणि त्यानं "सोनं अमक्या गलाईवाल्याला दिलं" म्हटलं की चोरीचा माल घेतल्याचं कलम ४११ लावून उचलायचे. भाषा येत नाही, वकील ओळखीचा नाही. अशा वेळी गावचे बाकीचे गलाईवाले दुकानं बंद करून ठाण्यापुढं बसायचे. आता ठिकठिकाणी त्यांच्या संघटना आहेत, पण तेव्हा फक्त माणसं होती.

---

माणदेशी लेक

एवढं सगळं वाचलं. चुलते आले, मालक आले, सराफ आले, कायदे आले. आयांचं काय?

मी म्हसवडची. आमच्याकडूनही घरटी माणूस बाहेर. वडील बंगालमध्ये गलाईला होते, वर्षातून एकदा यायचे. घरी आई, आजी, आम्ही भावंडं आणि आठ एकर माळरान. बाजरी पेरायची, येईल याची खात्री नाही. शेरडं राखायची, पाणी डोक्यावरून. वडिलांची मनिऑर्डर पहिली काही वर्षं नियमित नव्हती, कारण त्यांचं तिकडं बस्तान बसत होतं. ती वर्षं घर आईनं चालवलं. वडिलांनी दुकान घेतलं तेव्हा पागडीला पैसे कमी पडले आणि आईच्या बोरमाळेचं सोनं त्याच भट्टीत गेलं. आमच्या नातेवाइकांत कुणीही विचारलं तर उत्तर एकच मिळतं, "दुकान त्यांनी कष्टानं उभं केलं." आईचं नाव त्या वाक्यात नाही.

त्यांना पहिली पत कुणी दिली असं विचारता, तर आमच्या घरात ती आईनं दिली, आणि तिची परतफेड कुणी मागितली नाही.

बायकांना पत मिळते तेव्हा काय होतं तेही आमच्याच गावात बघा. चेतना सिन्हा यांनी १९९७ साली म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला, कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका अक्षर शिकल्या, पुन्हा गेल्या आणि परवाना घेऊन आल्या. माझ्या आईनं उतारवयात तिथून कर्ज काढून दोन म्हशी घेतल्या आणि मग मिरची कांडपाचं यंत्र. हप्ता भरायला ती स्वतः जायची, मला जाऊ द्यायची नाही. आज गल्लीत ते यंत्र तिच्या नावानं ओळखलं जातं. वडिलांचं दुकान मोठं आहे, आईचं यंत्र लहान आहे, आणि मला यंत्राचा अभिमान कणभर जास्त आहे.

---

रयतचा विद्यार्थी

माणदेशी लेक, तुमचा प्रतिसाद वाचून लक्ष्मीबाई पाटील आठवल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला कऱ्हाड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला ती साताऱ्याला आणली. वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. साताऱ्यातल्या आमच्या कितीतरी घरांचं पहिलं भांडवल तेच म्हणावं लागेल. मीही त्याच परंपरेतला. महाविद्यालयात असताना "कमवा आणि शिका"मध्ये सकाळी बागेत आणि शेतात काम केलं, त्यावर फी आणि जेवण भागलं. फुकट काही नव्हतं, पण काम मिळण्याची खात्री होती आणि ते करून वर्गात बसायला जागा होती. विश्रामबाग विचारतात ती रेघ माझ्यासाठी इथं आहे. काम करून घेतलं, आणि वर्गही दिला.

कर्मवीर स्वतः काही काळ किर्लोस्करांचे नांगर गावोगाव विकत फिरले होते. मुंबईला किंवा पुण्याला बसून हे सुचलं नसतं. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसणाऱ्यालाच ते दिसलं.

वाईजवळच्या पसरणीचे बी. जी. शिर्के हेही नाव नोंदवतो. खेड्यातून पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात पोचून बांधकामात एवढं मोठं काम उभं केलं, बालेवाडीचं क्रीडासंकुल त्यांच्याच कंपनीनं बांधलं. पण त्यांच्याबद्दल इतरत्र भरपूर लिहिलेलं आहे.

मी स्वतः आता कोरेगावला शेतीअवजारांचा छोटा कारखाना चालवतो. सोळा माणसं आहेत. त्यातली चार शिकता शिकता काम करतात आणि त्यांना परीक्षेच्या महिन्यात पगारी सुट्टी असते. पहिल्या वर्षी माझ्या भागीदाराला हे परवडणार नाही असं वाटलं होतं. आता तोच नवीन मुलं शोधून आणतो, कारण ही मुलं टिकतात.

---

विश्रामबाग

येरळाकाठ, त्या पाचव्या माणसाबद्दल लिहिलंत त्याबद्दल आभार. आण्णांना नमस्कार सांगा.

रयतचा विद्यार्थी, पगारी सुट्टीचं वाचून बरं वाटलं. हे इतर कारखानदारांपर्यंत पोचायला हवं.

---

खिल्लारी

मी विट्याजवळचा, वय २३. बी.कॉम. झालंय. घरी तीन एकर, टेंभू उपसा योजनेचं पाणी आता येतं, पण तिघा भावांत तीन एकर म्हणजे किती ते तुम्हाला कळतं. मामा हैदराबादला गलाईत आहेत, ये म्हणतात. आई नको म्हणते. तिच्या भावाचंच दुकान, तरी नको म्हणते, कारण धूर. गावातले म्हणतात आता या धंद्यात राम नाही, मोठ्या रिफायनऱ्या आल्या. इथं धंद्यातलं कुणी असेल तर खरं सांगा. जावं का?

---

मूस

खिल्लारी, मी चाळीस वर्षं या धंद्यात आहे. आता दुकान दक्षिणेत. एरवी फक्त वाचतो, तुमच्यासाठी लिहितोय.

पूर्वीचा धंदा राहिला नाही हे खरं. टंच पूर्वी हातात होता, आता एक्स-रेचं यंत्र मिनिटात आकडा देतं. जून २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा होत गेला, त्यामुळं नव्या दागिन्याच्या शुद्धतेवर शिक्का आला. सोन्यावर ३ टक्के जीएसटी, २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि जुनं सोनं घेताना देणाऱ्याचं ओळखपत्र घेतलेलं बरं. मोठ्या रिफायनऱ्यांशी मजुरीत आपण टिकत नाही. नुसता भाता ओढून दहा वर्षांत दुकान, हे आता होणार नाही.

पण तुमच्यासारख्याला जागा आहे. यंत्र फक्त वरचा थर वाचतं. आत दुसरा धातू भरलेला असेल किंवा जाड मुलामा असेल तर फसतं. हॉलमार्क केंद्रात अजूनही शेवटचा निकाल भट्टीतूनच लागतो, शिशाबरोबर सोनं तापवून. ते काम नीट येणारी माणसं कमी आहेत. ते शिका. बी.कॉम. आहात तर पहिल्या दिवसापासून वही तुमच्याकडं घ्या. किती दुकानं मालामुळं नाही, कागदामुळं बुडाली ते मी बघितलंय. प्रत्येक ग्रॅमची पावती, प्रत्येक माणसाचं ओळखपत्र. पोलीस दारात आले तर तीच वही तुम्हाला सोडवील.

धुराचं. आईचं ऐका. मामांना सरळ विचारा: धूर ओढून पाण्यातून आणि सोड्यातून धुणारं यंत्र बसवलंय का? चिमणी छताच्या वर आहे का? झोपायची खोली वेगळी आहे का? यातल्या एकालाही नाही म्हणाले तर जाऊ नका, मामा असले तरी. माझ्याकडं हे यंत्र बसवायला मला फार उशीर झाला, त्याची किंमत कुणाच्या छातीनं मोजली ते मला ठाऊक आहे.

पगार पहिल्या महिन्यापासून, बँकेत, तुमच्या नावावर. नात्यात पगार मागायला लाज वाटते, पण मागा. दोन वर्षांत टंच, शुद्धीकरण आणि हिशेब तिन्ही शिकवीन असं मामांकडून ठरवून घ्या. ते नाही म्हणाले तर मला निरोप करा. माझ्याकडं दोन जागा आहेत, आणि भावकी-जात मी विचारत नाही, हे बेदाणांसाठीही लिहून ठेवतो. त्यांच्या छाटणीच्या टोळीतलं कुणी पोरगं तयार असेल तर पाठवा.

दसऱ्याला विट्यात पालख्या झाल्या की दुसऱ्या दिवशी माझा पुतण्या मिरजेहून गाडी धरणार आहे. सोबत यायचं असेल तर आठवडाभर आधी सांगा, म्हणजे तिकिटं एकत्र काढता येतील. आईशी बोलायचं असेल तर माझी बायको फोनवर बोलेल, ती पंचवीस वर्षं तिथंच राहिली आहे.